प्रतिपिंडांच्या वैविध्याचा प्रश्न आणि सेसार मिल्स्टाइन ह्यांचे संशोधन

सेसार मिल्स्टाइन ह्यांचे नाव जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यास ठाऊक असते ते मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून निघालेल्या, प्रतिपिंडांचे जनक म्हणून. १९७५ साली गेऑर्ग कोहलर ह्यांच्यासह त्यांनी जी पद्धती प्रसिद्ध केली, तिच्यावर रोगनिदानाचा व औषधनिर्मितीचा एक प्रचंड व्यवसाय आज उभा आहे. पाठ्यपुस्तकांतून ही पद्धती अशा रीतीने सांगितली जाते, की शुद्ध प्रतिपिंडे मुबलक मिळावीत एवढ्याच हेतूने ह्या दोघांनी प्रयोगास हात घातला असावा असे वाचकास वाटावे. वस्तुस्थिती निराळी आहे. १९६३ पासून अखेरपर्यंत मिल्स्टाइन ह्यांच्यापुढे मुख्यतः एकच प्रश्न होता आणि तो व्यवहाराचा नव्हता. तो प्रश्न कोणता व पद्धतीचा त्याच्याशी संबंध काय, हे लक्षात घेतल्याखेरीज त्यांच्या कार्याचे यथार्थ मूल्यमापन व्हावयाचे नाही.

शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थास, म्हणजे प्रतिजनास, अचूक जाऊन चिकटणारे प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. ह्या अचूकतेपेक्षाही आश्चर्यकारक आहे ती प्रतिपिंडांची विविधता. रसायनशाळेत प्रथमच बनविलेला, प्राण्याच्या पूर्वजांनी कधीही न पाहिलेला पदार्थ टोचला तरी त्याच्याशी जुळणारी प्रतिपिंडे निर्माण होतात, हे कार्ल लँडस्टायनर ह्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दाखविले होते. ह्याचा उलगडा करण्यासाठी १९४० साली लायनस पॉलिंग ह्यांनी अशी कल्पना मांडली, की प्रतिपिंडाची लवचीक शृंखला प्रतिजनाभोवती साच्यासारखी वळून आपला आकार घेत असावी. परंतु प्रथिनाचा आकार त्यातील ॲमिनो अम्लांच्या क्रमावर अवलंबून असतो व तो क्रम जनुकांत लिहिलेला असतो, हे स्पष्ट होताच साच्याची कल्पना टिकेनाशी झाली. १९५७ साली मॅकफार्लेन बर्नेट ह्यांनी सुचविलेला सिद्धांत हळूहळू मान्य झाला : प्रत्येक लसीका पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड करू शकते, प्रतिजन फक्त आपल्याशी जुळणारी पेशी निवडतो आणि त्या पेशीचा वंश वाढतो.

ह्या सिद्धांताने एक अडचण सुटली, पण तिच्या जागी दुसरी उभी राहिली. प्रतिजन येण्यापूर्वीच जर लक्षावधी प्रकारची प्रतिपिंडे शरीरात तयार असावयाची, तर तितकी जनुके कोठून आणावयाची? एका पक्षाचे म्हणणे असे, की ती सर्व जनुके आईबापांकडून जशीच्या तशी मिळतात. दुसऱ्या पक्षाच्या मते वारशाने येणारी जनुके थोडीच असून, प्रत्येक प्राण्याच्या आयुष्यात त्याच्या लसीका पेशींमध्ये त्यांत नवे फेरफार घडतात. ह्या दुसऱ्या प्रकारास कायिक उत्परिवर्तन म्हणतात. हा वाद वीस वर्षे चालला आणि मिल्स्टाइन त्यात दुसऱ्या पक्षाचे होते.

मिल्स्टाइन ह्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२७ रोजी आर्जेंटिनातील बाइया ब्लांका ह्या बंदराच्या गावी एका स्थलांतरित यहुदी कुटुंबात झाला. ब्वेनोस आइरेस येथील विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकले. विद्यार्थिदशेत त्यांची ओढ अभ्यासाइतकीच विद्यार्थी चळवळीकडे होती व परीक्षांतील यश बेताचेच होते. आंद्रेस स्तोपानी ह्यांच्या मार्गदर्शनाखाली एका एन्झाइमाच्या गतिशास्त्रावर प्रबंध लिहून १९५७ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली. पुढे ब्रिटिश कौन्सिलच्या शिष्यवृत्तीवर ते केंब्रिज येथे माल्कम डिक्सन ह्यांच्याकडे गेले. तेथे त्यांची फ्रेडरिक सँगर ह्यांच्याशी ओळख झाली. प्रथिनातील ॲमिनो अम्लांचा क्रम लावण्याची सँगर ह्यांची विद्या त्यांनी आत्मसात केली आणि १९६० साली तेथील दुसरी डॉक्टरेटही घेतली.

१९६१ साली ते मायदेशी परतले. ब्वेनोस आइरेसमधील राष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्र संस्थेत, जिला सर्वजण मालब्रान संस्था ह्या नावाने ओळखत, नव्याने उघडलेल्या रेणवीय जीवशास्त्र विभागाचे ते प्रमुख झाले. ह्या संस्थेशी त्यांचे बालपणापासून भावनिक नाते होते, कारण तेथे सर्पांचे विष काढण्याचे काम चाले आणि नात्यातील एका जीवरसायनशास्त्रज्ञ बहिणीकडून त्यांनी त्याच्या गोष्टी ऐकल्या होत्या. काम उत्साहाने सुरू झाले, पण मार्च १९६२ मध्ये लष्कराने राष्ट्राध्यक्ष आर्तुरो फ्रोंदिसी ह्यांना पदच्युत केले. उदारमतवादी बुद्धिजीवींवर जो रोष ओढवला त्यातून संस्थेचे संचालक इग्नासियो पिरोस्की सुटले नाहीत. त्यांच्यामागे जो सूडाचा ससेमिरा लागला, तो पाहून मिल्स्टाइन ह्यांनी राजीनामा दिला व १९६३ साली ते केंब्रिजला परत गेले. स्वतःच्या देशात प्रयोगशाळा उभारण्याची त्यांची इच्छा अशा रीतीने दोन वर्षांतच संपुष्टात आली. आर्जेंटिनाने त्या वेळी काय गमावले ह्याचा हिशेब पुढे पुष्कळांनी मांडला आहे. शास्त्रज्ञाला आपल्या कार्याची भूमी नेहमीच निवडता येत नाही, एवढे त्या प्रसंगावरून दिसते.

केंब्रिज येथे मेडिकल रिसर्च कौन्सिलची रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळा १९६२ साली नव्या इमारतीत सुरू झाली होती. एन्झाइमे सोडून प्रतिपिंडांकडे वळावे ही सूचना तेथे सँगर ह्यांची. सूचना चांगली होती, कारण रॉडनी पोर्टर व जेरल्ड एडेलमन ह्यांच्या प्रयोगांमुळे प्रतिपिंडाची ढोबळ रचना उलगडू लागली होती : दोन जड व दोन हलक्या शृंखला, गंधकाच्या सेतूंनी एकत्र बांधलेल्या. मिल्स्टाइन ह्यांनी प्रथम ह्या सेतूंची स्थाने निश्चित करण्याचे काम हाती घेतले. हे काम कष्टाचे व दिपवून टाकणारे नसले तरी त्यामुळे प्रतिपिंडाच्या रासायनिक अंगावर त्यांची पकड बसली.

ह्या क्षेत्रातील रसायनशास्त्रज्ञापुढे एक विलक्षण पेच होता आणि पुढील सर्व हकीकत त्यावर अवलंबून आहे. घोड्यास सर्पविषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तरसापासून प्रतिविष काढावयाचे, ही रीत मुंबईच्या हाफकिन संस्थेत दीर्घकाळ चालत आलेली आहे. अशा रक्तरसात विषाविरुद्ध प्रतिपिंडे असतात खरी, पण ती एकाच घडणीची नसतात. एकाच प्रतिजनाच्या निरनिराळ्या भागांविरुद्ध निरनिराळ्या पेशींनी केलेल्या असंख्य प्रतिपिंडांची ती सरमिसळ असते. औषध म्हणून ती उपयोगी पडते, परंतु तिच्यातील ॲमिनो अम्लांचा क्रम लावणे अशक्य. उलट अस्थिमज्जेतील मायलोमा नावाच्या अर्बुदात एकच पेशी बेसुमार वाढलेली असल्यामुळे एकाच घडणीचे प्रतिपिंड विपुल मिळते, मात्र ते कोणत्या प्रतिजनाविरुद्ध आहे हे बहुधा कोणासच ठाऊक नसते. थोडक्यात, जे ओळखीचे होते ते अशुद्ध आणि जे शुद्ध होते ते अनोळखी.

रचनेच्या अभ्यासापुरते हे अनोळखी प्रथिन पुरेसे होते. १९६५ साली हिल्शमन व क्रेग ह्यांनी मायलोमाच्या रुग्णांच्या हलक्या शृंखला तपासून दाखविले, की शृंखलेचा अर्धा भाग प्रत्येक रुग्णात वेगळा असून उरलेला अर्धा जवळजवळ सारखाच असतो. एकाच शृंखलेत चल व अचल असे दोन भाग का असावेत? पुढच्याच वर्षी मिल्स्टाइन ह्यांनी सिडनी ब्रेनर ह्यांच्यासह 'नेचर' मध्ये एक छोटा निबंध लिहिला. लसीका पेशीतील एखादे एन्झाइम प्रतिपिंडाच्या जनुकाचा नेमका चल भाग छेदत असावे आणि तो छेद दुरुस्त होताना होणाऱ्या चुकांतून नवे प्रकार उपजत असावेत, असे त्यांनी त्यात सुचविले. पुरावा तेव्हा काहीच नव्हता. तरीही ही कल्पना मिल्स्टाइन ह्यांनी कधी सोडली नाही, आणि पुढील प्रयोगांमागे ती उभी आहे.

मध्यंतरी एक आनुषंगिक शोध लागला. हलक्या शृंखलेचे संदेशवाहक आरएनए वेगळे करण्याच्या खटपटीत जॉर्ज ब्राउनली व इतर सहकाऱ्यांसह काम करताना असे आढळले, की पेशीबाहेर काचपात्रात तयार केलेली शृंखला पेशीने बाहेर सोडलेल्या शृंखलेपेक्षा थोडी लांब असते. हा जादा तुकडा आरंभीच्या टोकास असून प्रथिनास पेशीतील पडद्याकडे नेण्याचा तो संकेत असावा, असा तर्क त्यांनी १९७२ साली मांडला. ह्या संकेताचा संपूर्ण सिद्धांत पुढे ग्युंटर ब्लोबेल ह्यांनी सिद्ध केला व १९९९ साली त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यास दुसऱ्या कोणी आयुष्याचे कार्य मानले असते, ते मिल्स्टाइन ह्यांच्या बाबतीत वाटेवरचे एक ठिकाण ठरले.

कायिक उत्परिवर्तन होते असे म्हणावयाचे, तर ते होताना पकडले पाहिजे. त्यासाठी मिल्स्टाइन ह्यांनी उंदराच्या मायलोमा पेशी काचपात्रात वाढविल्या. अमेरिकेत मायकेल पॉटर ह्यांनी उंदरांच्या उदरात खनिज तेल टोचून असे अर्बुद हुकमी निर्माण करण्याची युक्ती शोधली होती व त्यातील एक वंश काचपात्रात वाढण्यास सरावला होता. त्याच्या हजारो उपवंशांतून बदललेले प्रतिपिंड शोधण्याचे चिकाटीचे काम डेव्हिड सेकर व रिचर्ड कॉटन ह्यांनी केले. बदललेली प्रतिपिंडे मिळाली, पण चल भागातील अपेक्षित वेगवान उत्परिवर्तन काही दिसले नाही. कॉटन ह्यांनी आणखी एक प्रयोग केला. उंदराची मायलोमा पेशी व घुशीसारख्या मोठ्या उंदराची मायलोमा पेशी ह्यांचे एकीकरण त्यांनी घडविले. संकर पेशीने दोन्ही जनकांच्या शृंखला निर्माण केल्या, मात्र एका जातीचा चल भाग दुसऱ्या जातीच्या अचल भागास जोडलेला असे एकही उदाहरण आढळले नाही. ह्यावरून चल व अचल भागांची जोडणी प्रथिनात होत नसून त्यापूर्वीच, जनुकांच्या पातळीवर झालेली असते असे दिसले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगातून दुसरी एक गोष्ट सहजगत्या हाती आली होती : एकीकरणाने पेशीची प्रतिपिंडे करण्याची क्षमता नाहीशी होत नाही.

त्याच वर्षी मिल्स्टाइन ह्यांचे व्याख्यान बाझेल येथे झाले. तेथील प्रतिरक्षाशास्त्र संस्थेत डॉक्टरेट करीत असलेल्या गेऑर्ग कोहलर ह्या जर्मन तरुणाने ते ऐकले आणि १९७४ मध्ये तो केंब्रिजला दाखल झाला. हेतू तोच, उत्परिवर्तन पकडण्याचा. त्यासाठी प्रतिजन ठाऊक असलेली मायलोमा पेशी पाहिजे होती, म्हणजे बंधनशक्तीत झालेला बदल तत्काळ कळला असता. काचपात्रात नीट वाढणारी अशी पेशी मिळेना. तेव्हा ती मिळत नसेल तर बनवावी, असा विचार पुढे आला. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचलेल्या उंदराची प्लीहा घ्यावयाची, तिच्यातील प्रतिपिंडे करणारी पेशी मायलोमा पेशीशी एकजीव करावयाची, म्हणजे पहिलीकडून प्रतिपिंड व दुसरीकडून अमरत्व असे दोन्ही गुण संकरास मिळतील.

अडचण निवडीची होती. कोट्यवधी पेशींत खरे संकर थोडेच असतात, आणि न जुळलेली मायलोमा पेशी भराभर वाढून त्यांना गिळून टाकते. ह्यावर योजलेला उपाय पुढीलप्रमाणे होता. डीएनएचे घटक मिळविण्याचे पेशीस दोन मार्ग असतात. एक म्हणजे ते मुळापासून तयार करणे व दुसरा म्हणजे जुन्या घटकांचा पुनरुपयोग करणे. वापरलेल्या मायलोमा पेशीत पुनरुपयोगाचे एक एन्झाइम नव्हते. पोषक द्रवात ॲमिनोप्टेरिन घातले की पहिला मार्ग बंद होतो व ही पेशी मरते. प्लीहेच्या पेशीत ते एन्झाइम असले तरी काचपात्रात ती स्वभावतःच थोड्या दिवसांची सोबतीण. दोघींचा संकर मात्र एकीचे एन्झाइम व दुसरीची वाढ घेऊन जगतो. एकीकरणासाठी निष्क्रिय केलेला सेंदाई विषाणू वापरण्यात आला.

जगलेल्या वंशांपैकी हवे ते प्रतिपिंड कोणता करतो हे पाहण्याची रीत नील्स येर्ने ह्यांनी दिलेली होती. संकर पेशी मेंढीच्या रक्तपेशींच्या पातळ थरात पसरावयाच्या. जेथे योग्य प्रतिपिंड स्रवते तेथील रक्तपेशी फुटून भोवती स्वच्छ वलय उमटते. १९७४ च्या नाताळाच्या सुमारास कोहलर तळघरातील प्रयोगशाळेत निकाल पाहावयास गेले, तेव्हा वेळ कंटाळवाणा जाऊ नये म्हणून त्यांनी पत्नीसही बरोबर नेले होते, असे नमूद आहे. वलये होती, आणि अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक होती.

७ ऑगस्ट १९७५ च्या 'नेचर' मध्ये हे काम तीन पानांत प्रसिद्ध झाले. अशा पेशींचा वैद्यकात व उद्योगात उपयोग होऊ शकेल, असे एक संयत वाक्य अखेरीस होते. त्यानंतरचे काही महिने निराशेचे गेले, कारण प्रयोग पुन्हा जमेनासा झाला. निवडीसाठी वापरलेले एक साठवणीचे द्रावणच पेशींस विषारी झाले होते, हे जोव्हानी गाल्फ्रे ह्यांच्या ध्यानी आल्यावर गाडी रुळावर आली. नव्या पद्धतीच्या इतिहासात असा टप्पा बहुधा असतोच, पण तो प्रकाशित निबंधांत क्वचितच दिसतो. संशोधनास नव्याने लागणाऱ्या विद्यार्थ्याने तो जाणून असावे.

पद्धतीचा एकस्वाधिकार घेतला गेला नाही, ह्याविषयी पुढे इंग्लंडमध्ये बरेच वादळ उठले. मेडिकल रिसर्च कौन्सिलने शोधाची माहिती प्रसिद्धीपूर्वीच राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळास कळविली होती. १९७६ साली महामंडळाचे उत्तर आले, की ह्या कामाचा तात्काळ व्यावहारिक उपयोग दिसत नाही. मिल्स्टाइन मागेल त्यास आपल्या पेशी पाठवीत राहिले. १९७९-८० मध्ये फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेच्या संशोधकांनी ह्याच पद्धतीने केलेल्या, विषाणू व अर्बुद ह्यांविरुद्धच्या प्रतिपिंडांवर अमेरिकेत एकस्वाधिकार मिळविले, तेव्हा महामंडळाच्या त्या पत्राची आठवण सर्वांस झाली. तथापि ह्या घटनेस दुसरी बाजू आहे. अडथळ्यावाचून पेशी मिळाल्यामुळेच ही पद्धती चारपाच वर्षांत जगभर पसरली. खुद्द मिल्स्टाइन ह्यांनी ह्या प्रसारात जातीने लक्ष घातले. ऑक्सफर्डच्या ॲलन विल्यम्स ह्यांच्यासह त्यांनी लसीका पेशींच्या पृष्ठभागावरील खुणा शोधल्या. सीडी४ ह्या नावाने आज सर्वपरिचित असलेली खूण त्यांपैकीच एक. इंटरफेरॉनचे शुद्धीकरण व रक्तगट ठरविण्यासाठी लागणारी प्रतिपिंडे हेही त्या काळातलेच काम. १९८४ साली येर्ने, कोहलर व मिल्स्टाइन ह्यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

औषधांचा इतिहास येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. उंदराचे प्रतिपिंड मनुष्यास परके असते, ही मुख्य अडचण होती. ह्याच प्रयोगशाळेतील ग्रेग विंटर ह्यांनी १९८६ साली उंदराच्या प्रतिपिंडाचा केवळ बंधक भाग मानवी प्रतिपिंडावर बसवून तीवर मार्ग काढला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने एका अमेरिकन संस्थेच्या सहकार्याने पिसाळलेल्या जनावराच्या दंशावर देण्यासाठी मोनोक्लोनल प्रतिपिंड बाजारात आणले आहे. तेथे ते घोड्याच्या किंवा मनुष्याच्या रक्तरसाच्या जागी वापरता येते.

ह्या सर्व धामधुमीत मूळ प्रश्न बाजूस पडला असता तर नवल नव्हते. दरम्यान १९७६ साली बाझेल येथे सुसुमु तोनेगावा व नोबुमिची होझुमी ह्यांनी दाखवून दिले होते, की भ्रूणात परस्परांपासून दूर असलेले चल व अचल भागांचे जनुकखंड लसीका पेशीत जवळ आणून जोडले जातात. थोड्या खंडांच्या निरनिराळ्या जुळण्यांतून पुष्कळ प्रकार संभवतात. वैविध्याचा मोठा हिस्सा त्यामुळे समजला. पण प्रतिजन पुन्हा पुन्हा टोचल्यास प्रतिपिंडांची पकड उत्तरोत्तर घट्ट का होत जाते, हे जुळण्यांवरून सांगता येत नव्हते.

तेथे मिल्स्टाइन आपल्याच हत्यारासह परत आले. क्लाउडिया बेरेक, गिलियन ग्रिफिथ्स व मट्टी कार्टिनेन ह्यांच्यासह त्यांनी फिनिलऑक्साझोलोन हा साधा प्रतिजन उंदरांस टोचला, ठरावीक दिवसांनी त्यांच्या प्लीहांपासून संकर पेशी तयार केल्या आणि प्रत्येक संकरातील प्रतिपिंडाच्या संदेशाचा क्रम लावला. प्रत्येक संकर पेशी म्हणजे एका विशिष्ट दिवशी उंदराच्या शरीरात असलेल्या एका पेशीचे जणू गोठवून ठेवलेले चित्र. सातव्या दिवशीची बहुतेक प्रतिपिंडे एकाच जोडीच्या जनुकांपासून झालेली असून ती जनुके वारशाने आलेल्या स्वरूपातच होती. चौदाव्या दिवशी त्याच जनुकांत उत्परिवर्तने दिसू लागली. हलक्या शृंखलेतील ३४ व्या स्थानाचे ॲमिनो अम्ल वेगवेगळ्या पेशींत स्वतंत्रपणे बदललेले आढळले, आणि अशा बदलाने प्रतिजनावरील पकड वाढत होती. प्रतिजन दुसऱ्यांदा टोचल्यावर उत्परिवर्तने अधिक झाली, व इतर जनुकांपासून झालेली, अधिक घट्ट बसणारी प्रतिपिंडेही पुढे आली. १९८४ व १९८५ साली 'नेचर' मध्ये आलेल्या ह्या निबंधांनी कायिक उत्परिवर्तन व निवड ही प्रक्रिया दिवसांच्या हिशेबाने डोळ्यांपुढे उभी केली. नोबेल पारितोषिकाच्या निमित्ताने मिल्स्टाइन ह्यांच्यावर जे लिहिले गेले, त्यात ह्या कामाला मिळावयास हवी तेवढी जागा मिळाली नाही. काचपात्रातील मायलोमा पेशींत जे शोधून सापडले नव्हते, ते उत्परिवर्तन घडते ते जिवंत प्राण्याच्या प्रतिकाराच्या ऐन भरात, आणि तेथे ते दिसले ते मायलोमाशी संकर करूनच. जुन्या वादातील दोन्ही पक्षांस ह्यामुळे अर्धा अर्धा न्याय मिळाला.

१९९५ साली निवृत्त झाल्यावरही मिल्स्टाइन प्रयोगशाळेत येत राहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये कोहलर अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. उत्परिवर्तन जनुकाच्या ठरावीक जागीच अधिक का होते, ह्याचा शोध मिल्स्टाइन ह्यांनी मायकेल नॉयबर्गर ह्यांच्याबरोबर चालू ठेवला. २००० साली जपानमध्ये तासुकु होन्जो ह्यांच्या गटाने लसीका पेशींत असे एक एन्झाइम असल्याचे दाखविले, की ज्याच्या अभावी उत्परिवर्तन होतच नाही. ते एन्झाइम नेमके करते काय, ह्यावर मतभेद होते. मिल्स्टाइन २४ मार्च २००२ रोजी केंब्रिज येथे वारले. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये नॉयबर्गर व सहकाऱ्यांनी हे एन्झाइम साध्या जीवाणूत घालून दाखविले, की ते थेट डीएनएवर कार्य करून त्यातील सायटोसिन बदलते. पुढील दोष उपजतात ते त्या ठिकाणच्या दुरुस्तीत. ब्रेनर व मिल्स्टाइन ह्यांनी १९६६ साली छेद करणारे एन्झाइम कल्पिले होते. आढळले ते अक्षर बदलणारे. दुरुस्तीतील चुकांचा भाग मात्र त्यांनी लिहिल्याप्रमाणेच निघाला.